केरवंडच्या टेकडीवरचे मातीचे घोडे

केरवंडची खाडी समुद्राला मिळते तिथे उत्तरेच्या अंगाला ही टेकडी आहे. टेकडीवर सातेरी आईचं वारूळ, त्यावर कौलांचं छप्पर आणि समोर उंडलीच्या झाडाखाली हे मातीचे घोडे. काही वीतभर, काही कंबरेएवढे. जुने पावसापाण्याने झिजून नुसते ढिगारे झालेत, नव्यांवर अजून गेरूचा रंग आहे. देवळासमोरचा नंदी देवाकडे बघतो. हे घोडे मात्र देवीकडे पाठ करून समुद्राकडे बघत उभे आहेत.

वर येणारी पाहुणे मंडळी हमखास विचारतात, की हा तर दर्यावर्दी माणसांचा गाव, इथे ना माळरान ना कुरण, मग घोडे कुठून आले? बसा जरा सावलीत. मी इथला घाडी, म्हणजे देवीपुढे गाऱ्हाणं घालणारा, लवू माझं नाव. माझे वडील जसं सांगत तसं सांगतो.

आज खाडीत चार होड्या दिसतात, पण एके काळी इथे मोठं बंदर होतं म्हणे. आता जिथे माड आहेत तिथे वखारी होत्या. पलीकडच्या अरबांच्या मुलखातून तारवं यायची. खजूर यायचा, मोती यायचे, गालिचे यायचे. इथून तांदूळ जायचा, मिरी जायची, काथ्याचे दोरखंड जायचे. इथल्या काथ्याच्या दोरांवर त्यांच्याकडची अर्धी शिडं उभी असत, असं सांगतात. आणि सगळ्यात मानाचा माल म्हणजे घोडे. घाटावरच्या राजाला घोडे लागत आणि चांगला घोडा तर समुद्रापलीकडून यायचा. ज्या बंदरात घोडे उतरतात तिथे बैलांचे तांडे थांबतात, बाजार भरतो, लोहारापासून पिंजाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या चुली पेटतात. केरवंडचं तसंच होतं.

पुढे त्या बेटावर चाचे येऊन राहिले. तो बघा, दक्षिणेला काळा खडक दिसतो ना, त्याच्या मागे बेट आहे. त्यांचा नायक धाकू म्हणून होता. त्यांचे मचवे, म्हणजे होड्या, लांब, अरुंद, पुष्कळ वल्ह्यांचे. बेटाआड लपून राहायचे आणि वारा पडला की बाहेर पडायचे. शिडाचं तारू वाऱ्यावाचून पांगळं, वल्ह्यांच्या मचव्याला वाऱ्याची पर्वा नाही. त्यांनी घोड्यांची दोन तारवं धरून नेली. दुसऱ्या तारवावर केरवंडचे खलाशी होते, त्यांतलं कुणी परत आलं नाही. मग अरबांच्या नाखव्यांनी ही वाटच सोडली. बैलांचे तांडे दुसऱ्या बंदरांकडे वळले. वखारींत वटवाघळं राहायला आली. समुद्र तोच, खाडी तीच, पण गाव उपाशी पडलं.

तेव्हा गावात म्हाळू तांडेल होता, खलाशांचा म्होरक्या. या खाडीचं तोंड त्याला अंगणासारखं माहीत. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा एक दांडा आहे, आजही आहे. भरतीला त्याच्यावरून तारू सहज आत येतं, ओहोटीला तळ टेकतो आणि लाटा फुटायला लागतात. म्हाळूने गावकऱ्यांना सांगितलं, की एक तारू, फक्त एक तारू सुखरूप आत आलं तर बाकीची आपोआप येतील, आणि ते मी आणतो. तो पलीकडच्या मुलखात गेला आणि तिथल्या व्यापाऱ्यांना भेटला. कुणी तयार होईना. शेवटी राजाने आधीच मागवलेले घोडे एका मोठ्या तारवावर चढवायचे ठरले, पण सुकाणूवर म्हाळूच बसेल या बोलीवर.

निघण्यापूर्वी तो या टेकडीवर आला होता. सातेरीसमोर नारळ ठेवून म्हणाला होता, की येईन तर घोड्यांसकट येईन. एकही घोडा गमावून परत आलो, तर पुन्हा सुकाणूला हात लावणार नाही. दर्यावर्दी माणसाला याहून मोठी शपथ नाही. त्याची बायको यसू शेजारीच उभी होती. तिचा सख्खा भाऊ त्या धरून नेलेल्या तारवावर होता. तिने म्हाळूला अडवलं नाही, असं सांगतात.

घोड्यांबरोबर त्यांचा राखणदार आला होता, सालेम. उंच, सडसडीत, कमी बोलणारा. दर हंगामाला या किनाऱ्यावर येऊन त्याला आपली भाषा मोडकीतोडकी यायची. घोड्यांत एक पांढरी घोडी होती, तिचं नाव नूरी. सालेमने तिला शिंगरू असल्यापासून वाढवलेलं. बाकीचे घोडे तिचं ऐकत. ती खायला लागली की खात, ती शांत झाली की शांत होत. वाटेत वारा पडून प्रवास लांबला आणि पिण्याचं पाणी कमी पडायला लागलं. खलाशांच्या वाट्याचं पाणी अर्धं केलं. सालेम आपल्या अर्ध्यातलं अर्धं नूरीच्या तोंडाशी धरायचा.

अशा अवस्थेत एका सकाळी केरवंडची टेकडी दिसली. दसरा होऊन गेला होता, आभाळ निवळलेलं. या दिवसांत पहाटेपासून मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो, आणि या दोन वाऱ्यांच्या मधे काही वेळ पान हलत नाही. म्हाळूचा हिशोब भरतीच्या पाण्यावर आत शिरायचा होता, पण समोरच्या वाऱ्याने उशीर केला. तारू खाडीच्या तोंडाशी आलं आणि वारा पडला. शिडं ओल्या लुगड्यासारखी लोंबायला लागली. पाणी उतरत होतं. थोड्याच वेळात तळाखाली वाळू घासल्याचा आवाज आला आणि तारू दांड्यावर बसलं.

त्याच वेळी काळ्या खडकामागून मचवे बाहेर पडले.

किनाऱ्यावर सगळं गाव जमलं होतं. मचवे दिसत होते, तारू दिसत होतं, आणि करण्यासारखं काही नव्हतं. तारवावर म्हाळूने आधी खजुराची पोती समुद्रात लोटायला लावली, मग गालिच्यांचे गठ्ठे. तारू जरा हललं, पण सुटलं नाही. खरं ओझं घोड्यांचंच होतं. म्हाळू सुकाणू सोडून खाली घोड्यांच्या ठाणाशी गेला. काय करायचं ते त्याला कळलं होतं, आणि आपण कोणती शपथ घेतली आहे तेही तो विसरला नव्हता.

घोडे चढवायला-उतरवायला तारवाच्या कुशीला एक दार असतं. प्रवासात ते फळ्या ठोकून बंद करतात. म्हाळूने ते उघडायला सांगितलं. सालेम दारासमोर आडवा उभा राहिला.

म्हणाला, "समुद्रात बुडवायला मी घोडे आणले नाहीत. आधी मला टाक."

म्हाळू त्याला म्हणाला, "बुडवूक नाय सांगणंय, सोडूक सांगतंय. इथे ठेवलंव तर ते चाच्यांचे. दर्यात सोडलंव तर वाचतले ते तरी आपले."

सालेमने मागे वळून घोड्यांकडे पाहिलं. मग त्याने नूरीच्या मानेवर हात ठेवला.

"आधी नूरी जाईल," तो म्हणाला. "बाकीचे तिच्या मागून येतील. आणि नूरीबरोबर मी."

"तुका पोवाक येता?"

"नाही."

"आणि तिका?"

"येत असेल," सालेम म्हणाला आणि त्याने स्वतःच्या हाताने पहिली फळी काढली.

नूरी दाराशी येऊन थांबली. तिने पाणी हुंगलं, कान मागे टाकले. सालेम तिच्या पाठीवर बसला नाही, तिच्या अयाळीत हात गुंतवून तिच्या बाजूने पाण्यात उतरला, आणि त्याच्या मागोमाग तीही उतरली. क्षणभर दोघं दिसेनासे झाले. मग तिचं डोकं वर आलं, आणि तिच्या मानेला चिकटलेलं त्याचं डोकं. ते पाहून मागचे घोडे एकामागोमाग एक उडी टाकायला लागले.

इकडे किनाऱ्यावर यसूने ते पाहिलं. घोडे पोहत होते, पण भांबावलेले. फुटणाऱ्या लाटांना बुजून ते खडकांच्या अंगाला वळायला लागले होते. तिकडे गेले असते तर खडकाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपांवर चिरून निघाले असते. गावातल्या कुणी कधी घोडा राखला नव्हता. ओरडावं, तर ते आणखी बुजतील. यसूला एवढंच सुचलं, की एवढ्या लांबून आलेलं जनावर तहानलेलं असणार. आमच्या पुळणीत भरतीच्या रेघेच्या वर हातभर उकरलं की गोडं पाणी लागतं. तिने बायकांना वाळू उकरायला लावलं. नारळाच्या नरोट्यांनी, हातांनी बायकांनी खड्डे काढले आणि त्यातलं पाणी घागरींत भरून त्या कंबरभर समुद्रात जाऊन उभ्या राहिल्या. घोड्याला गोड्या पाण्याचा वास लांबून येतो म्हणे. खरं-खोटं मला ठाऊक नाही. पण नूरीने मान वळवली आणि ती खडक सोडून सरळ पुळणीकडे यायला लागली. मागे बाकीचे.

चाच्यांनी पाण्यात घोडे पाहिले. तारवावर चढायचं म्हणजे झुंजावं लागणार, आणि इथे राजाचे घोडे पाण्यात मोकळे. हव्यास माणसाला कुठे नेतो बघा. धाकूने मचवे वळवले ते थेट घोड्यांमागे, फुटणाऱ्या लाटांत. त्यांनी घोड्यांवर फास टाकले. एक घोडा फासात सापडला आणि त्याने जिवाच्या आकांताने हिसका दिला. तेवढ्यात मागून लाट आली आणि मचवा आडवा झाला. दुसरा त्याला वाचवायला आला तो त्याच्यावर आदळला. वल्ही, ढाली, माणसं सगळी एकत्र पाण्यात. जे मागे होते ते पळाले. पाण्यात पडलेल्यांपैकी काही बुडाले. ज्यांच्या हाताला घोड्याची शेपटी लागली, त्यांनी ती सोडली नाही.

आणि याच वेळी पश्चिमेचा वारा सुटला. घोड्यांचं ओझं उतरलेलं तारू लाटेबरोबर उचललं गेलं, दांड्यावरून घसरलं आणि शिडं फुगवून खाडीत शिरलं. म्हाळू सुकाणूवर होता, पण त्याची नजर मागे, पुळणीवर होती.

नूरी पुळणीवर आली तेव्हा सालेम अर्धमेला होता. यसूने आधी घोडीच्या तोंडाशी घागर धरली, मग त्याच्या. थोडं शुद्धीवर येताच तो घोडे बघत फिरायला लागला आणि एकदम थांबला. एक काळं शिंगरू नव्हतं. सगळ्यांनी पाहिलं, ते लाटांच्या पलीकडे गोल गोल फिरत होतं. त्याला दिशाच कळत नव्हती. सालेम पाण्याकडे धावला, पण त्याच्या आधी नूरी गेली. कुणी हाकललं नाही, कुणी सांगितलं नाही. ती पुन्हा त्या लाटांत शिरली, शिंगराला वळसा घातला आणि त्याला पुढे घालून घेऊन आली. येताना ती खडकाच्या बाजूने ओढली गेली आणि कालवांनी तिचा पुढचा पाय चिरला. ती लंगडत बाहेर आली तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांनी तिला हात जोडले, असं सांगतात.

एकही घोडा गेला नव्हता. पण पुळणीवर घोड्यांबरोबर चाचेही आले होते. शेपट्या धरून आलेले, शस्त्रं पाण्यात गेलेली, वाळूत पालथे पडून धापा टाकत असलेले. त्यांत धाकू स्वतः होता. गावकऱ्यांनी कोयते उचलले. ज्यांचे भाऊ, मुलगे गेले होते ती माणसं पुढे होती, आणि त्यांना कुणी दोष देऊ शकलं नसतं.

यसू त्यांच्या आधी धाकूपाशी पोचली. तिने भावाचं नाव आणि खूण सांगून त्याला एकच विचारलं.

"माझो भाव खंय आसा?"

धाकूने मान वर केली. खोटं बोललो तर कदाचित वाचू, असं त्याला वाटलं असेल, पण तो खोटं बोलला नाही.

"दर्यात," तो म्हणाला. "झुंजान मेलो. दर्याक दिलो तेका, नारळ सोडलो तेच्याबरोबर."

यसू खाली वाळूत बसली. किती वेळ ते कुणी सांगत नाही. सगळे कोयते घेऊन तसेच उभे होते. ती उठली तेव्हा तिने घागर घेतली, खड्ड्यातून पाणी भरलं आणि धाकूसमोर ठेवली. गावकऱ्यांत कुजबुज झाली. ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, "घोड्यांनी जेंका सातेरीच्या दारात आणून घातल्यानी, तेंका आमी परत दर्यात लोटूचे काय? माका तां जमाचां नाय. तुमका जमत आसात तर बघा."

कुणालाच जमलं नाही.

म्हाळू आला, सालेम बसला, गावकरी बसले, आणि इथेच, या उंडलीखाली, बोलणी झाली. झाड तेव्हाचं नाही, त्याच्या बियांचं. धाकूने सांगितलं, की आमचं बेट खडकाळ, तिथे काही पिकत नाही. पूर्वी आम्ही तारवांना वाट दाखवायचं काम करायचो, ते सुटलं आणि आम्ही असे झालो. म्हाळू म्हणाला, मग पुन्हा तेच करा. इथे येणाऱ्या प्रत्येक तारवाला तुमचे मचवे बेटापासून खाडीपर्यंत सोबत करतील. वारा पडला तर दोर लावून ओढतील. त्याबद्दल गाव तुमच्या चुलीचा तांदूळ भरेल. गावातले काही जण म्हणाले, की हे तर चोराच्याच हातात जामदारखान्याच्या किल्ल्या देणं झालं. म्हाळूने त्यांना शांतपणे सांगितलं, की या दर्यात तारवं कुठे अडकतात आणि चोर कुठे लपतात, हे यांच्याइतकं कुणाला माहीत आहे? धाकूने वारुळावर हात ठेवून शपथ घेतली आणि ती मोडली नाही. पुढे दुसरे चाचे आले तेव्हा याच मचव्यांनी त्यांना पळवून लावलं.

राजाची माणसं घोडे न्यायला आली. सगळे घोडे घाट चढून गेले, नूरीच्या पायाची जखम मात्र भरली नव्हती. घाट चढणं तिच्याने होणार नव्हतं. राजाच्या अंमलदाराने हकिगत ऐकली आणि घोडी गावाला दिली. सालेम तिला सोडून जाईना, तोही राहिला. गावाला नूरी हे नाव काही नीट म्हणता येईना, लोक तिला नवरी म्हणायला लागले. पांढरी होती, देखणी होती, नाव शोभलं. पहिल्या वर्षी बायकांनी तिला मुंडावळ्या बांधल्या. सालेम आधी रागावला आणि मग हसला म्हणे. तो हसलेला गावाने तेव्हा प्रथम पाहिला.

वर्ष लोटलं आणि तारवं यायला लागली. आधी एक भीतभीत आलं, मग दोन एकदम आली. वखारी झाडल्या गेल्या. नवरी टेकडीवर चरायची. तारू येणार असलं की ती चरणं थांबवून इथे कड्याशी येऊन उभी राहायची आणि खिंकाळायची. शीड दिसण्याच्या आधी तिला कळायचं. तिचं खिंकाळणं ऐकू आलं की हमाल पुळणीकडे निघायचे, बायका पाण्याचे खड्डे उकरायच्या, बेटावरचे मचवे सुटायचे. तिच्यावर कुणी कधी बसलं नाही. पुष्कळ म्हातारी होऊन ती गेली. तिला इथेच पुरलं. त्या वर्षी सालेमने आपल्या हातांनी मातीचा एक घोडा केला. त्याला जमला नाही फारसा, कुत्र्यासारखा दिसत होता म्हणे. पण तो त्याने इथे ठेवला, समुद्राकडे तोंड करून.

खाडी पुढे गाळाने भरली, मोठी तारवं यायची थांबली. त्यात कुणाचा दोष नव्हता, नद्या गाळ आणतातच. पण सालेमचं पाहून पडलेली नारळी पौर्णिमेला घोडे ठेवायची रीत राहिली. कुंभार घोडे करतो, पहिला घोडा सालेमच्या वंशातलं घर ठेवतं, दुसरा बेटावरून आलेली मंडळी ठेवतात. आता गावातली पोरं मोठ्या जहाजांवर नोकरीला आहेत. जगभरचा माल त्यांच्या पायांखालून जातो, आणि चाचेही काही संपलेले नाहीत. आमच्या गौरेश कुबलचं जहाज दूर पश्चिमेच्या समुद्रात चाच्यांनी धरलं होतं. कित्येक महिने तो तिकडे अडकून होता. त्याच्या आईने, सुमतीवहिनीने, इथे एक घोडा ठेवला आणि ती रोज सकाळी त्याच्यासमोर तांब्याभर पाणी ओतून जायची. पाऊस असला तरी यायची. गौरेश परत आला. सगळेच्या सगळे परत आले.

गेल्या वैशाखात त्याचं लग्न झालं. मुलगी कोल्हापूरकडची. तिच्या माणसांना जावयाचं मोठं कौतुक. त्यांनी न सांगता टेंपोतून एक सजवलेली घोडी आणली, झूल, गोंडे, सगळं. बँडवाले तयार. त्या नवरी घोडीच्या मानाखातर आमच्या गावात नवरदेव घोड्यावर बसत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मुलीचे वडील खट्टू झाले. गौरेशने सासऱ्यांना नमस्कार केला, फेटा सावरला आणि पहिल्यांदा विचारलं, की हिने घाट उतरल्यापासून पाणी प्यायलं का? मग तो स्वतः नव्या धोतरानिशी पुळणीवर गेला, वाळू उकरली, घोडीला पोटभर पाजलं, आणि लगाम हातात धरून तिच्या बाजूने चालत मंडपात आला. घोडीची पाठ मोकळी. मुलीच्या वडिलांनी नंतर मला सगळी हकिगत विचारली, मी इथेच बसून सांगितली. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, आमच्या घोडीला असा मान कुणी दिला नव्हता.

आजही केरवंडात नवरदेव चालतच मंडपात जातो. फरक इतकाच, की गौरेशच्या लग्नापासून मुलांना वाटायला लागलंय, शेजारून एक घोडी चालली तर बरं दिसतं. मी काही त्यांना नाही म्हणत नाही.